डॉ. कोटणीस स्मृतिदिनासाठी शासनाची मदत: काय मागावे आणि काय आपल्याकडे ठेवावे

आपण लिहिले आहे की, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आपले ‘ब’ वर्गाचे सार्वजनिक ग्रंथालय आहे आणि येत्या ९ डिसेंबरला, चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करणारे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा स्मृतिदिन भारत आणि चीन या दोन देशांतल्या शांततेचा जाहीर कार्यक्रम म्हणून पाळावा, असा आपल्या कार्यकारी मंडळाचा विचार आहे. त्यासाठी शासनाकडे अनुदान मागावे का, कोणत्या खात्याकडे मागावे, आणि चीनशी संबंध ताणलेले असताना असे काही मागणेच गैर ठरेल का, हे आपले प्रश्न आहेत. शेवटी आपण एका ज्येष्ठ सभासदांची भीती नोंदवली आहे की, सरकारी पैसे घेतले की कार्यक्रम सरकारी होऊन जातो. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे, आणि बाकीच्या प्रश्नांची उत्तरे यातूनच निघतात.

मी सत्तावीस वर्षे स्थानिक संस्थेत आणि नंतर राज्य पातळीवर जयंत्या, स्मृतिदिन, स्मारके आणि परदेशी शिष्टमंडळांचे स्वागत या विषयांच्या फायली हाताळल्या आहेत. त्यामुळे मी जे सांगतो आहे ते टेबलाच्या त्या बाजूने पाहिलेले आहे. काही गोष्टी मात्र आपल्या परिस्थितीवर अवलंबून राहतील: आपली संस्था न्यास म्हणून नोंदलेली आहे का आणि तिचे मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण झालेले आहे का, परदेशी पाहुणे बोलावणार आहात का, आणि त्या सुमारास एखाद्या निवडणुकीची आचारसंहिता लागू असेल का. या तिन्हींची उत्तरे मला ठाऊक नाहीत, म्हणून जिथे त्यांनी फरक पडतो तिथे मी तसे सांगेन.

‘शासनाचा पाठिंबा’ म्हटले की बहुतेक संस्थांच्या डोळ्यांसमोर धनादेश येतो. प्रत्यक्षात या पाठिंब्याचे अनेक प्रकार आहेत. सभेची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी हा एक, सभागृह किंवा मैदान सवलतीत मिळणे हा दुसरा, आणि निमंत्रणपत्रिकेवर ‘यांच्या सहकार्याने’ असे नाव छापायला मिळणे हा तिसरा. टपाल खात्याने त्या दिवसासाठी विशेष आवरण (म्हणजे खास छापलेले पाकीट) आणि विशेष शिक्का काढणे हाही पाठिंबाच आहे. एखादी वास्तू किंवा फलक वर्षानुवर्षे झाडूनपुसून ठेवणे हा तर सर्वांत मोठा पाठिंबा, पण त्याचा विचार सर्वांत कमी होतो. रोख अनुदान हा यातला सर्वांत बेभरवशाचा आणि सर्वांत उशिरा हाती येणारा प्रकार आहे, आणि नेमका त्याच्याच मागे लागून संस्था आपली शक्ती खर्च करतात. माझा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर, शासनाकडे जागा, परवानगी आणि देखभाल मागावी, पैसा मागितलाच तर थोडा आणि एका ठरावीक कामासाठी मागावा, आणि यजमानपद काही झाले तरी सोडू नये.

यजमानपदावर मी इतका भर का देतो, याला एक अनुभव कारणीभूत आहे. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पहिले महायुद्ध थांबल्याला शंभर वर्षे झाली, तेव्हा एका गावातल्या कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे होती. आपल्याकडे अनेक गावांच्या चावडीवर त्या युद्धाचे दगड आहेत; गावातून किती जण गेले आणि त्यातले किती परतले नाहीत, एवढेच त्यांवर कोरलेले असते. त्या गावातही तसा दगड होता. गावकऱ्यांनी तो घासून स्वच्छ केला होता, अक्षरांत पांढरा रंग भरला होता आणि परत न आलेल्यांच्या घरची मंडळी कोण, हे सहा महिने फिरून शोधून काढले होते. मग अनुदान मंजूर झाले, आणि त्याच्यासोबत कार्यक्रमपत्रिका वरून आली. पहिल्या तीन रांगांतल्या खुर्च्यांवर पांढऱ्या खोळी आणि नावांच्या चिठ्ठ्या होत्या, आणि त्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या असल्यामुळे सैनिकांच्या घरची माणसे सातव्या रांगेत बसली. मुख्य पाहुण्यांना यायला दोन तास उशीर झाला. एक म्हातारी बाई पणजोबांचे पितळी पदक हातरुमालात गुंडाळून घेऊन आली होती. ते दगडापाशी ठेवून नमस्कार करायचा, एवढेच तिला करायचे होते. भाषणे लांबली, तिच्या परतीच्या एसटीची वेळ झाली आणि ती तशीच निघून गेली. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पण यजमान बदलला होता आणि ते आमच्यापैकी कुणाच्याही वेळेवर लक्षात आले नाही. ती चूक माझीही होती, आणि त्यानंतर मी प्रत्येक फाईलवर पहिला प्रश्न हाच विचारत आलो की, या कार्यक्रमात दार उघडून पाहुण्यांचे स्वागत कोण करणार आहे.

म्हणजे सरकारला दूर ठेवावे, असे मात्र नाही. सरकारी मदत भरपूर असूनही यजमानपद स्थानिकांकडे राहू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण हिरोशिमाचे आहे. बाँबने उद्ध्वस्त झालेल्या त्या शहराकडे पुन्हा उभे राहायला पैसे नव्हते. १९४९ मध्ये जपानच्या संसदेने हिरोशिमा शांतता स्मारक नगरी उभारणीचा खास कायदा केला, त्यावर शहरातल्या मतदारांचा कौल घेण्यात आला, आणि त्या कायद्यामुळे केंद्राची जास्तीची आर्थिक मदत आणि सरकारी जमिनी विनामूल्य मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे पाठिंबा थेट कायद्याचा आणि जमिनीचा होता. तरीही दरवर्षी ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठ वाजता मौन पाळले जाते तो सोहळा शहराचा असतो. शांततेची घोषणा महापौर वाचतात, पंतप्रधान तिथे पाहुणे म्हणून येतात, आणि अलीकडच्या वर्षांत अण्वस्त्रबंदीच्या करारात जपानने सामील व्हावे, असे महापौरांनी पंतप्रधानांच्या समोर आपल्या घोषणेत म्हटलेले आहे. अणुबाँबनंतर उभ्या राहिलेल्या भग्न इमारतीच्या, म्हणजे बाँबच्या घुमटाचीही हकीकत अशीच आहे. तो पाडावा की ठेवावा, हा वाद वर्षानुवर्षे चालला, १९६६ मध्ये नगर परिषदेने तो जपण्याचा ठराव केला, आणि पहिल्या दुरुस्तीसाठी लोकांनी वर्गणी दिली. जागतिक वारशाच्या यादीत तो १९९६ मध्ये गेला. लोकांनी आधी हात घातला आणि सरकार नंतर आले, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

फ्रान्स आणि जर्मनीचाही क्रम हाच आहे. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांचा मैत्री करार २२ जानेवारी १९६३ चा, पण माँबेलिआर आणि लुडविग्सबुर्ग या दोन गावांनी एकमेकांशी नाते जोडले ते १९५० मध्ये, म्हणजे युद्ध संपून पाचच वर्षे झाली असताना आणि करार व्हायला तेरा वर्षे बाकी असताना. कराराने केलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे दोन्ही सरकारांनी मिळून काढलेले युवक कार्यालय. दोन्ही देशांनी सारखा वाटा उचलायचा आणि मुलांना एकमेकांच्या देशात पाठवायचे, असे त्याचे स्वरूप आहे, आणि आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुण त्यातून जाऊन आले आहेत. १९८४ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या व्हर्दाँच्या रणभूमीजवळ फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोल हातात हात घेऊन उभे राहिले, ते छायाचित्र साऱ्या जगाने पाहिले. पण त्या हातांमागे वीस वर्षांचा हा प्रवास होता. २०२० पासून तिथे एक नागरिक निधीही आहे, ज्यातून छोट्या संस्थांच्या छोट्या उपक्रमांना मदत मिळते. आपल्याकडे असा निधी नाही, आणि तो असावा असे मला मनापासून वाटते. तो नाही म्हणूनच आपल्याला वेगवेगळ्या दारांवर जावे लागते.

आता डॉ. कोटणीसांकडे येऊ. स्मृतिदिन नेमका कशाचा, हे अर्जात स्पष्ट नसेल तर फाईल पहिल्याच टेबलावर अडकते. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेला आणि मुंबईत वैद्यकी शिकलेला हा तरुण १९३८ मध्ये राष्ट्रीय सभेने (काँग्रेसने) चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होता. सुभाषचंद्र बोस तेव्हा अध्यक्ष होते, पथकाचे प्रमुख डॉ. अटल होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. बाकीचे एकेक करून परतले आणि कोटणीस तिथेच राहिले. चीनमध्ये काम केलेले कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, तिथल्या परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केले, आणि मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. त्या नावातली दोन अक्षरे म्हणजे भारत आणि चीन. मूल चार महिन्यांचेही झाले नव्हते तेव्हा, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला. वय होते बत्तीस.

दोन्ही सरकारांनी त्यांची आठवण ठेवली आहे. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे काढली. चीनमधल्या शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे, आणि चीनचे नेते मुंबईत आले की कोटणीस कुटुंबीयांची भेट घेतात, असा पायंडा पडला. २००६ मध्ये हू जिंताओ आणि २०१३ मध्ये ली खछियांग त्यांना भेटले. सोलापुरातले त्यांचे राहते घर महानगरपालिकेने स्मारक म्हणून जपले आहे.

इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे आणि ती मी आपल्याला काळजीने सांगतो. डॉक्टरसाहेब चीनला गेले ते युद्ध चालू असताना, आणि जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांवर त्यांनी उपचार केले. त्यामुळे चीनमध्ये त्यांचे स्मरण हे त्या युद्धातल्या हुतात्म्याचे स्मरण असते. आपण त्यांना शांततेच्या नावाने आठवणार असू तर कार्यक्रम जपानविरोधी होऊन चालणार नाही. माझी कसोटी सोपी आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले, आणि पु. ल. देशपांडे यांचे नाव असलेले. उद्या ओकायामाचा कुणी पाहुणा त्या बागेतून थेट आपल्या सभेला येऊन बसला, तर त्याला मान खाली घालावी लागू नये आणि आपल्यालाही एक शब्द गिळावा लागू नये. जखमींवर उपचार करणाऱ्या माणसाचे स्मरण असे करता येते. ‘हिंदी-चिनी भाई-भाई’च्या घोषणेचे स्मरण मात्र तसे करता येत नाही. भारत आणि चीन यांनी मान्य केलेली सहजीवनाची पाच तत्त्वे, म्हणजे पंचशील, ज्या कराराच्या उद्देशिकेत होते तो २९ एप्रिल १९५४ चा करार मुळात आठ वर्षांसाठीच होता, आणि त्याची मुदत संपली त्याच वर्षी युद्ध झाले. घोषणेचा वर्धापनदिन राजकारणाबरोबर चढतो आणि पडतो. एका डॉक्टरने एका खेड्यात काय केले, ते बदलत नाही.

म्हणून, संबंध ताणलेले असताना मागणे गैर आहे का, याचे माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. जून २०२० मध्ये गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले वीस जवान शहीद झाले, आणि आपल्या जिल्ह्यातही लष्करातल्या माणसांची घरे आहेत. त्यांच्यासमोर आपण काय करतो आहोत, हे सांगता आले पाहिजे. माझी सूचना अशी की, सभेच्या सुरुवातीला त्या जवानांसाठीही दोन मिनिटे उभे राहावे आणि पहिल्या रांगेत गावातल्या माजी सैनिकांना बसवावे. मी असे एकदा केले आहे, आणि शांततेविषयी त्या दिवशी सर्वांत तोलून बोलले ते एक निवृत्त सुभेदारच. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१ चा उल्लेख करा. आंतरराष्ट्रीय शांततेचे संवर्धन करणे आणि राष्ट्राराष्ट्रांत न्याय्य व सन्मानाचे संबंध राखणे यासाठी राज्याने प्रयत्नशील असावे, असे त्यात सांगितले आहे. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या जोरावर कोर्टात जाता येत नाही. पण टिपणी लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला एक भक्कम आधार लागतो आणि तो आपण हातात दिलेला बरा. त्याचबरोबर हेही लक्षात ठेवा की, परराष्ट्र व्यवहार हा संघसूचीतला, म्हणजे केवळ केंद्राच्या अखत्यारीतला विषय आहे. महानगरपालिका, नगर परिषद किंवा जिल्हा परिषद कोणत्याही परदेशाशी स्वतःहून करार करू शकत नाही, आणि मैत्री-शहराच्या करारालाही केंद्राची संमती लागते. म्हणून अर्जात ‘भारत आणि चीन यांच्यातील’ अशा भाषेत काही जाहीर करू नका. आपण आपल्या जिल्ह्याच्या सुपुत्राचे स्मरण करतो आहोत, एवढेच लिहा, आणि ते खरेही आहे.

आता दारांविषयी. पहिले दार आपल्या नगर परिषदेचे. सभागृह सवलतीत मिळावे, कार्यक्रमाच्या दिवशी पाणी आणि स्वच्छतेची सोय व्हावी, एवढेच मागा. महानगरपालिकांच्या कायद्यात कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्ये आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक कर्तव्ये दिलेली आहेत. नगर परिषदांच्या कायद्यातही हीच विभागणी आहे. स्मृतिदिन कधीही बंधनकारक बाजूला येणार नाही. ऐच्छिक खर्चावर लेखापरीक्षणात आक्षेप येण्याची भीती मुख्याधिकाऱ्यांना असते, आणि ती रास्त आहे. सभागृहाचे भाडे माफ करणे त्यांना सोपे जाते, रोख रक्कम देणे अवघड जाते.

दुसरे दार टपाल खात्याचे, आणि ते मला सर्वांत आवडते. नवीन तिकीट काढणे ही दिल्लीतली लांबलचक प्रक्रिया आहे आणि डॉ. कोटणीसांवरचे तिकीट तर निघालेलेच आहे. पण विशेष आवरण आणि त्या दिवसाचा विशेष शिक्का यांसाठी आपल्या टपाल परिमंडळाकडे अर्ज करता येतो. खर्च आपल्याला सोसावा लागतो, मजकूर आणि चित्र मंजूर करून घ्यावे लागते, आणि त्यासाठी काही महिने हाताशी असावे लागतात. त्या पाकिटावर आपल्या गावाचे नाव आणि ९ डिसेंबरचा शिक्का असेल. ते पाकीट शाळेतल्या एखाद्या मुलीच्या वहीत चाळीस वर्षे राहू शकते, मांडव दुसऱ्या दिवशी उतरतो.

तिसरे दार केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेचे. तिच्यात नोंदणीकृत संस्थांना कार्यक्रम, परिसंवाद आणि प्रदर्शने यांसाठी मदत मिळते. खर्चाचा काही वाटा संस्थेने स्वतः उचलायचा असतो, रक्कम हप्त्यांनी येते, आणि शेवटचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र व लेखापरीक्षित हिशेब दिल्यावरच मिळतो. म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी मांडववाल्याला द्यायचे पैसे आपल्याच खात्यात असायला हवेत. या वर्षीच्या ९ डिसेंबरसाठी मी या दारावर अवलंबून राहणार नाही. पुढच्या वर्षीसाठी मात्र आताच तयारी करीन. ग्रंथालयाला शासनाकडून जे वार्षिक अनुदान मिळते त्यातला एक रुपयाही या कार्यक्रमाकडे वळवू नका. तो पुस्तकांचा आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराचा पैसा आहे, आणि पुढच्या तपासणीत आपला वर्ग त्यापायी धोक्यात येईल.

चौथे दार आपण विचारलेले नाही, पण कुणीतरी सुचवेल म्हणून सांगतो: मुंबईतल्या परदेशी वाणिज्य दूतावासाकडून देणगी घेणे. परकीय योगदान नियमन कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर ती घेता येत नाही, रक्कम कितीही लहान असो. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावी लागते आणि एका संस्थेने घेतलेली देणगी दुसरीला देता येत नाही, त्यामुळे ‘नोंदणी असलेल्या मित्रसंस्थेमार्फत घेऊ’ हा मार्गही बंद आहे. एखाद्या मुत्सद्द्याला पाहुणा म्हणून बोलावणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तीही जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि पोलिसांना आधी लेखी कळवूनच करावी. चीनमधून कुणी वक्ता थेट येणार असेल तर व्हिसा आणि केंद्राच्या मंजुऱ्या यांत कित्येक महिने जाऊ शकतात. पहिल्या वर्षी हा भार घेऊ नये, असे माझे मत आहे.

देखभालीचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. आपल्या पत्रात ग्रंथालयासमोर अर्धपुतळा बसवण्याचा विचार दिसतो. पुतळ्यासाठी शासनाच्या परवानग्यांची वेगळी आणि कडक कार्यपद्धती आहे, आणि पुतळा बसला की त्याच्या रोजच्या स्वच्छतेची, दिव्याची आणि राखणीची जबाबदारी कायमची येते. जिल्ह्यात त्यांचे घर उभे असताना दुसरा पुतळा कशाला, हेही पाहावे. त्यापेक्षा महानगरपालिकेला पत्र लिहून विचारा की, ९ डिसेंबरच्या आठवड्यात तालुक्यातल्या शाळांच्या सहली त्या घरी आणता येतील का, आणि त्या दिवसांत तिथे माहिती सांगायला कुणी उपलब्ध असेल का. वापरात असलेल्या वास्तूला अशी मागणी मिळाली की तिची निगा आपोआप वाढते. सहलीची एसटी, मुलांचा डबा आणि एक सांगणारा माणूस एवढ्या खर्चासाठी गावातले डॉक्टरच वर्गणी देतील, असा माझा अंदाज आहे. तालुक्यातल्या डॉक्टरांना एकदा विचारून पाहा.

वेळापत्रकाबद्दल एक सूचना. डिसेंबरच्या सुरुवातीला बहुतेक वर्षी नागपूरला हिवाळी अधिवेशन असते आणि मंत्री, सचिव, बरेचसे जिल्हा अधिकारीही तिकडे अडकलेले असतात. मंत्र्यांच्या तारखेवर कार्यक्रम बेतू नका. नगर परिषदेचे पत्र आणि टपाल खात्याचा अर्ज जून-जुलैत जाऊ द्या, पोलिसांकडे परवानगीसाठी महिनाभर आधी जा, आणि प्रत्येक अर्जाची पोच घेऊन ती एका फाईलमध्ये लावा. आचारसंहिता लागली तर लोकप्रतिनिधींची नावे पत्रिकेतून काढावी लागतील, म्हणून पत्रिका शेवटच्या पंधरवड्यातच छापा. आणि ती छापायला देताना ‘यजमान’ या शब्दापुढे फक्त आपल्या ग्रंथालयाचे नाव आहे, ‘सहकार्य’ या शब्दाखाली बाकी सर्वांचे आहे, आणि ‘अध्यक्ष’ म्हणून तालुक्यातल्या सर्वांत जुन्या परिचारिकेचे नाव आहे, एवढे अक्षर लावून वाचून घ्या.